चीनमधला अमेरिकन शेतीमास्तर



मागे एका वाचकाचे पत्र आले. ते लिहितात, "साहेब, बाहेरून आलेला माणूस आम्हाला आमच्याच रानाबद्दल काय शिकवणार? येतो, कागद भरतो, दोन गोष्टी सांगतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो." पत्रात राग आहे आणि तो अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः विस्तार खात्यातला असलो तरी हा प्रश्न मलाही पडतो. त्याचे उत्तर द्यायला आज तुम्हाला जरा लांब, चीनमध्ये, घेऊन जातो. तिथे शंभर वर्षांपूर्वी एक अमेरिकन शेतीमास्तर गेला होता. तो संध्याकाळच्या गाडीने परत गेला नाही. जवळजवळ तीस वर्षे राहिला.

त्याचे नाव जॉन लॉसिंग बक. आपण त्याला बकसाहेब म्हणू. जन्म १८९० चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, शेतकऱ्याच्या घरी. न्यूयॉर्क म्हटले की आपल्याला उंच इमारती आठवतात, पण त्या राज्यात दुभत्या जनावरांची आणि फळबागांची शेतीही पुष्कळ आहे. कॉर्नेल विद्यापीठातून १९१४ साली त्याने शेतीची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी प्रेस्बिटेरियन मिशनने त्याला चीनला पाठवले. मिशनने पाठवला असला तरी काम होते शेती सुधारण्याचे. वय पंचवीस. चिनी भाषेचा गंध नाही. म्हणून आधी नानकिंग शहरात भाषेच्या शाळेत बसवले. पदवीधर माणूस पुन्हा बाराखडीला बसला! आज त्या शहराला नानजिंग म्हणतात. पण त्या काळच्या कागदोपत्री नानकिंग आहे, म्हणून मीही तेच नाव ठेवतो.

भाषा थोडी जिभेवर रुळल्यावर त्याची नेमणूक झाली उत्तर आनह्वी भागातल्या नानशूचौ या गावी. तटबंदीचे गाव, सभोवती सपाट रान, मातीच्या भिंतींची घरे, उन्हाळ्यात धूळ, पाऊस जास्त झाला की पूर आणि कमी झाला की दुष्काळ. पिके कोणती? गहू, सोयाबीन आणि काओलियांग. हा काओलियांग म्हणजे आपल्या ज्वारीचाच भाऊबंद. ताटे पुरुष-दीड पुरुष उंच. पण आपण कडबा जनावरांना घालतो, तिथे ती ताटे सरपणाला, कुंपणाला आणि छपराला जात. जळणाचाच तुटवडा, तिथे गुरांना काय घालणार? सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या वाचकांना हे वाचून चुकल्याचुकल्यासारखे वाटेल, पण ज्याची गरज आधी त्याच्याकडे ताट जाते.

आता या तरुण पदवीधराने तिथे शिकवायचे काय? हा प्रश्न आपल्या पत्रलेखकालाच पडला असे समजू नका. बकसाहेबाच्या घरातही तो पडला होता. १९१७ साली त्याने पर्ल नावाच्या मुलीशी लग्न केले. ती मिशनऱ्याची मुलगी, चीनमध्येच वाढलेली, चिनी भाषा लहानपणापासून तोंडात. तिने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की तिला मनातून कोडे पडे. जे लोक पिढ्यान् पिढ्या तीच जमीन कसून, खत-पाण्याची एवढी हुशारीने योजना करून, यंत्राशिवाय भरघोस पीक काढतात, त्यांना हा अमेरिकन तरुण काय शिकवणार? ही पर्ल बक म्हणजेच 'द गुड अर्थ' ही चिनी शेतकऱ्यावरची कादंबरी लिहिणारी, १९३८ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारी बाई. नवऱ्याबरोबर ती खेड्यापाड्यांत हिंडे. तो पुरुषांशी बोले, ती बायकांशी. त्या कादंबरीतली माती याच नानशूचौ भागातली आहे.

तिची शंका खरी होती. बकसाहेबाच्याही आधी, १९०९ साली, फ्रँकलिन किंग नावाचा अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ चीन-जपानची शेती पाहून गेला होता, तो शिकवायला नव्हे तर शिकायला. तीच जमीन चाळीस शतके कसली जाते आणि तरीही तिचा कस टिकतो, याचे त्याला नवल वाटले. गुपित काय, तर काहीच वाया न घालवणे. नदी-कालव्याचा गाळ, राख, पालापाचोळा, आणि मुख्य म्हणजे सोनखत. शहरातला मैला विकत घेऊन शेतकरी तो रानात नेत. आपल्याकडे या खताला 'सोनखत' म्हणायचे आणि हात लावायचा म्हटले की जात आठवायची. आपल्या लोकांनी नाव मात्र सोन्याचे दिले!

तर अमेरिकेतली शेतीविद्या इथे जशीच्या तशी चालणार नाही, हे बकसाहेबाच्या लवकरच ध्यानात आले. कारण साधे आहे. अमेरिकेत जमीन मोप आणि माणूस महाग. म्हणून तिथली सगळी अक्कल माणसाचे कष्ट वाचवण्यात खर्ची पडलेली. घोड्याची अवजारे, यंत्रे, एका माणसाने किती एकर करायचे याचे हिशेब. चीनमध्ये उलटे. माणसे मोप आणि जमीन तुटपुंजी. जिथे घरातले पाच जण मिळून दोन-चार एकर करतात, तिथे पेरणीयंत्राने वाचवलेला वेळ घालवायचा कुठे? मला वाटते, बाहेरून आलेल्या शिकवणाऱ्याची परीक्षा इथेच होते. आपली विद्या चुकीची नाही, पण ती ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न या गावचा नाही, हे त्याला कळायला हवे. पुष्कळांना ते कळत नाही. ते शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होतात.

१९२० साली बकसाहेब नानकिंग विद्यापीठात शिकवायला गेला. तिथल्या शेती कॉलेजात त्याने शेती-अर्थशास्त्राचा विभाग उभा केला. म्हणजे शेतीचा जमाखर्च शिकवायचा. किती राबलो, किती घातले, किती आले, उरले काय. समोर बसलेली पोरे चिनी, आणि हातातले पुस्तक अमेरिकन. त्यात उदाहरणे शंभर-दीडशे एकरांच्या अमेरिकन शेतांची. विद्यार्थ्याने ते पाठ करून परीक्षा दिली असती, पासही झाला असता, आणि बापाच्या शेतावर जाऊन त्याला काहीच सांगता आले नसते. चिनी शेताचा जमाखर्च सांगणारे पुस्तकच नव्हते.

मग त्याने काय केले? पोरांनाच पुस्तक लिहायला लावले म्हणा ना. सुटीत आपापल्या गावी जा, शंभर-एक शेतकऱ्यांच्या घरी बसा आणि हा तक्ता भरून आणा. जमीन किती, किती तुकड्यांत, कोणते पीक, किती बी, किती खत, घरची माणसे किती दिवस राबली, मजूर किती लावला, बैल किती, किती खाल्ले, किती विकले. शेतावर जाऊन असा तक्ता भरण्याची पद्धत त्याच्या कॉर्नेल विद्यापीठात रुळलेली होती. तेवढी एक वस्तू त्याने अमेरिकेतून आणलेली खरोखर कामी आली. १९२२ साली एका विद्यार्थ्याने वूहू शहराजवळच्या १०२ शेतांचे तक्ते भरून आणले. तो भातपट्टा. त्यानंतर उत्तरेकडे येनशान भागातल्या १५० शेतांची पाहणी झाली. अशी भर पडत पडत सात प्रांतांतली १७ ठिकाणे आणि २,८६६ शेते झाली. त्यावरून १९३० साली 'चायनीज फार्म इकॉनॉमी' हे पुस्तक निघाले. ज्या पुस्तकाशिवाय मास्तराने वर्गात शिकवायला सुरुवात केली होती, ते पुस्तक असे दहा वर्षांनी तयार झाले.

विद्यार्थ्याला त्याच्याच गावी पाठवण्यातली मेख लक्षात घ्या. चीनमध्ये दर शंभर कोसांवर बोली बदलते. परका माणूस वही घेऊन आला की घरमालकाच्या मनात पहिला विचार सारावाढीचा येणार. गावचाच पोरगा असला तर तो निदान चुलीपर्यंत जाऊ शकतो. मी सत्तावीस वर्षे तक्ते भरून घेतो आहे, मला याचा पुरता अनुभव आहे. ओसरीवर बसलेला धनी सांगतो, "चार पोती झाली." आतून त्याची बायको दाराआडून म्हणते, "चार कशी? सात नव्हं का!" खरा आकडा बहुतेक वेळा दाराआडच असतो. म्हणून मी आता आधी विचारतो, "वहिनी कुठं हायत?"

दुसरी अडचण मापांची. चीनमध्ये जमीन 'मू' या मापाने मोजत. कागदावर एक मू म्हणजे साधारण साडेसहा गुंठे. पण प्रत्यक्षात गावागावाचा मू निराळा, कुठे लहान कुठे मोठा. धान्याच्या वजनाचेही तेच. तेव्हा एका गावचे दर मू उत्पन्न दुसऱ्या गावाशी ताडून पाहायचे तर आधी प्रत्येक ठिकाणचे माप तपासून एका मापात आणावे लागे. दशमान पद्धत येण्यापूर्वी आपल्याकडेही मण किती शेरांचा हे बाजारपेठेगणिक बदले, आणि पायलीवरून भांडणे होत. जुन्या जाणत्यांना विचारा. हे काम किचकट, कंटाळवाणे आणि कुणी पाठ थोपटत नाही असे. पण ते केले नाही तर वरचे सगळे आकडे फुकट.

या मधल्या काळात एक भयंकर प्रसंग घडला. २४ मार्च १९२७ रोजी नानकिंगमध्ये राष्ट्रवादी सैन्य शिरले आणि परदेशी लोकांवर हल्ले झाले. विद्यापीठाचे उपाध्यक्ष जॉन विल्यम्स त्याच दिवशी मारले गेले. बकसाहेबाचे कुटुंब वाचले ते एका गरीब चिनी बाईमुळे. तिला पर्लने पूर्वी अडचणीत मदत केली होती. तिने आपल्या खोपटात या सगळ्यांना लपवले. बाहेर लूट चाललेली, आत लहान पोरांना गप्प ठेवून सगळे दिवसभर अंधारात बसलेले. संध्याकाळनंतर सुटका झाली आणि पुढे काही महिने कुटुंबाने जपानमध्ये काढले. परदेशी माणसांवरचा तो राग कुठून आला, हे सांगायला वेगळा लेख लागेल. परदेशी सत्तांनी चीनला तहांनी आणि सवलतींनी जखडून ठेवले होते, एवढे इथे पुरे. पण या प्रसंगानंतर माणूस आपल्या देशी निघून गेला असता तर त्याला कुणी नावे ठेवली नसती. बकसाहेब नानकिंगला परत आला आणि त्याने आयुष्यातले सर्वांत मोठे काम हाती घेतले.

१९२९ ते १९३३ या काळात त्याने आणि त्याच्या चिनी सहकाऱ्यांनी २२ प्रांतांतली १६८ ठिकाणे, १६,७८६ शेते आणि ३८,२५६ शेतकरी कुटुंबे तपासली. १९३७ साली 'लँड युटिलायझेशन इन चायना' हा तीन खंडांचा ग्रंथ निघाला. एक खंड मजकुराचा, एक नकाशांचा, एक आकड्यांचा. नाव बकसाहेबाचे असले तरी पायपीट मुख्यतः नानकिंगच्या चिनी पदवीधरांची, हे आपण विसरू नये. ग्रंथावर मास्तराचे नाव मोठे येते आणि वही घेऊन चिखल तुडवणाऱ्याचे बारीक अक्षरात, ही रीत सगळीकडची आहे.

त्यात सापडले काय? उत्तरेचा गहूपट्टा आणि दक्षिणेचा भातपट्टा असे चिनी शेतीचे दोन मोठे भाग आणि त्यांचे आठ पोटभाग त्याने पाडले. एकरी पीक चांगले, पण माणशी पीक फार थोडे, कारण तेवढ्याशा जमिनीवर माणसे फार. शेत एकसलग नाही, तुकडे इकडे-तिकडे विखुरलेले, वाटेत जाण्यायेण्यातच दिवस जातो. हिवाळ्यात हाताला काम नाही. आणि शिक्षण? सात वर्षांवरील पुरुषांत शंभरातल्या पंचेचाळिसांनी थोडीफार शाळा पाहिली होती, पण वाचता येई सुमारे तिसांना. बायकांत शाळा पाहिलेल्या शंभरात दोन.

हे वाचून तुम्हाला आपल्याच गावाची आठवण झाली असेल. योगायोग पाहा, त्याच सुमारास पुण्याच्या शेती कॉलेजचे इंग्रज प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान हे आपल्या मराठी सहकाऱ्यांना घेऊन पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात घरोघर हेच विचारत होते. त्यांचे पुस्तक १९१७ साली निघाले. त्यांना आढळले की १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, आणि तीही तुकड्या-तुकड्यांत. आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला त्याच्या मागे अशा पाहण्यांनी पुढे आणलेले दुखणे होते. आज त्या पिंपळे सौदागरमध्ये रान राहिले नाही, उंच इमारती आहेत. असो.

आता बकसाहेबाच्या कामाची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर पत्रलेखकाला अर्धेच उत्तर मिळेल. त्याच काळात चेन हानसेंग नावाचे चिनी अभ्यासक होते. तेही अमेरिकेत आणि जर्मनीत शिकलेले, म्हणजे परदेशी विद्येला बिचकणारे नव्हेत. १९२९ साली वूशी भागात आणि १९३० साली पाओतिंग भागात त्यांनीही खेडी पालथी घातली. त्यांचा आक्षेप असा की, हा अमेरिकन मास्तर शेत मोजतो, पण त्या शेताचा मालक कोण, कसणारा कोण, खंड किती, सावकाराचे व्याज किती आणि हे सगळे वजा जाता कुणाचे पोट भरते, हे त्याच्या सरासरीत बुडून जाते. शिवाय विद्यार्थी ज्या गावांत आणि ज्या घरांत गेले ती बरीचशी बऱ्या स्थितीतली असणार. कॉलेजात पोरगा पाठवू शकणाऱ्या घराचे सोयरे-शेजारी तसेच असायचे. बकसाहेबाच्या आकड्यांत निम्म्याहून जास्त शेतकरी स्वतःच्या जमिनीचे मालक दिसतात. त्याच्या मते दुखण्याचे मूळ होते लहान शेत, अपुरे भांडवल, मागे पडलेले तंत्र. चेन यांच्या मते मूळ होते जमीन कुणाच्या हाती आहे यात.

माझे मत विचाराल तर दोघांचेही खरे होते, पण गावातल्या भूमिहीनाला विचारले असते तर त्याने चेन यांच्या बाजूने बोट वर केले असते. बकसाहेबाने खंडाबद्दल विचारले नाही असे नाही, विचारले. पण त्याच्या तक्त्याचा गाभा होता शेतीचा नफा. तक्ता बनवणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटते त्याला रकाना मोठा मिळतो. म्हणून तुमच्या दारात कुणी तक्ता घेऊन आला, मग तो मी असलो तरी, तर उत्तरे खरी द्या. पण शेवटी त्याला एवढे जरूर म्हणा, "साहेब, हे तुम्ही विचारलं न्हाई, पण लिहून घ्या." सामायिक विहिरीचा तंटा, बटईचा करार, मुलीच्या लग्नाचे कर्ज, बाईच्या नावावर नसलेली जमीन. यांना बहुतेक तक्त्यांत रकाना नसतो.

पुढची हकीकत थोडक्यात. त्याच कॉलेजात कॉर्नेलच्या तज्ज्ञांच्या मदतीने १९२५ पासून गहू, भात, कापूस या पिकांच्या निवडीचे कामही झाले. त्यातला '२९०५' क्रमांकाचा गहू पुष्कळ नावाजला गेला. १९३७ साली जपानने हल्ला केला आणि विद्यापीठ बाडबिस्तरा घेऊन पश्चिमेला चेंगतू शहरी गेले. बकसाहेबही तिकडे गेला आणि युद्धाच्या काळात तिथे शिकवत राहिला. पर्लशी त्याचा संसार तोवर मोडला होता, १९३५ साली घटस्फोट झाला. पुढे त्याने एका चिनी बाईशी लग्न केले. १९४४ नंतर तो अमेरिकेला गेला, काही वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत काम केले, आणि १९७५ साली वारला. चीनमध्ये १९५० साली जमीनदारी मोडणारा कायदा आला. १९५२ साली नानकिंग विद्यापीठाचे शेती कॉलेज दुसऱ्या संस्थेत मिसळून नवे कृषी महाविद्यालय झाले. परदेशी मास्तराचे नाव तिथे बरीच वर्षे चांगल्या अर्थाने घेतले जात नव्हते.

पण कागद टिकले. त्या मोठ्या पाहणीत भरलेले मूळ तक्ते नानकिंगच्या कृषी विद्यापीठात पुन्हा हाती लागले, आणि आजचे चिनी आणि अमेरिकन संशोधक ते संगणकावर उतरवून त्यांचा अभ्यास करतात. एकेका तक्त्यावर एकेक शेत. किती मू जमीन, किती तुकडे, कोणते पीक, घरात खाणारी तोंडे किती. ज्यांच्या ओसरीवर बसून तो तक्ता भरला गेला त्यांच्यानंतर लढाई आली, दुष्काळ आले, जमिनीची वाटणी झाली, मग ती सामुदायिक झाली, आणि १९८० च्या आसपास पुन्हा कुटुंबाकडे कसायला आली. चेन यांनी बोट ठेवलेली उणीव त्या तक्त्यांत अजून तशीच आहे, ती आता कुणाला भरून काढता यायची नाही. पण त्या घरी त्या साली गहू किती झाला होता, ते मात्र कळते.